गाडीखालचा तांबडा डाग

आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेंत टेक्सास येथें ट्रेलरमधून घोडे पोंचविण्याचें काम करितो. गेल्या पावसाळ्यांत त्याचें पत्र आलें : “मास्तर, माझ्या पिकअपखालीं रोज सकाळीं रुपयाएवढा तांबडा डाग दिसतो. मी वरून तेल भरतों व निघतों. ह्यांत कांहीं धोका आहे काय ?” त्यास आम्हीं जें उत्तर धाडिलें, तें येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

तिकडील जड कामाच्या पिकअप चार-पांच टनांचा ट्रेलर सहज ओढतात. त्यांपैकीं बहुतेकींत गिअर आपोआप बदलतात. हें साधतें तें तेलाच्या बळावर. दोन विजेचे पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. इंजिनाची शक्ति गिअरबॉक्समध्यें पोंचविणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरांत असेंच घडतें. मात्र तेथें वाऱ्याच्या जागीं तेल असतें. तेंच तेल पंपाच्या दाबानें क्लचच्या चकत्या आवळून धरितें, दांत्यांना वंगण पुरवितें आणि उष्णता बाहेर वाहून नेतें.

तेल कमी झालें कीं पंप हवा ओढूं लागतो. तेलांत फेस होतो, व फेसाला दाब कोठला ? मग चकत्या घसरतात, घसरल्यानें तापतात, आणि तापलेलें तेल अधिकच निःसत्त्व होतें. भरलेला ट्रेलर मागें असून चढ लागला, तर हें सारें फार लवकर घडतें. उलट, न मोजतां वरून ओतीत राहिल्यानें तेल अति झालें, तरी फिरणारे भाग तें घुसळून फेसच करितात.

गळती कोठून होते, हें आधीं शोधावें. इंजिनाचें तेल काळपट असतें. वातानुकूलकाचें पाणी स्वच्छ असतें. गिअरबॉक्सचें तेल बहुधा तांबडें. परंतु कित्येक गाड्यांत स्टीअरिंगचें तेलही तांबडें असतें, म्हणून केवळ रंगावर विसंबूं नये. गाडीखालीं पुठ्ठा पसरून थेंब कोठें पडतो तें पाहावें. तरीही फसगत होतेच; कारण धांवत्या गाडीखालचा वारा तेल मागें उडवितो, आणि मूळ छिद्र पुढें राहून चेंबर मात्र ओला दिसतो. पुष्कळ लोक उगाच चेंबरचें गॅस्केट बदलून बसतात तें ह्यामुळेंच ! खालचा भाग पुसून कोरडा करावा, गाडी थोडी फिरवून आणावी, आणि सर्वांत वरचा व पुढचा ओलावा कोठें आहे तें पाहावें. इंजिन व गिअरबॉक्स ह्यांच्या सांध्यांतून तेल येत असेल, तर पुढचें ऑइल सील गेलें असण्याचा संभव असतो, व तें खर्चाचें काम आहे. कूलरकडे जाणाऱ्या नळ्या मात्र अवश्य चांचपाव्या. धातूची नळी व रबरी नळी जेथें आवळून जोडलेली असते, तेथें पाझर फार आढळतो.

तेलाची पातळी गाडी सपाटीवर उभी करून, तेल तापल्यावर, गाडीच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें पाहावी. तेल तपकिरी होऊन करपल्याचा वास आला, तर आंतील चकत्या जळूं लागल्या असें समजावें. दुधाळ गुलाबी झालें असेल, तर त्यांत पाणी मिसळलें आहे. तशी गाडी चालवूंच नये.

हा प्रश्न केवळ पैशाचा नव्हे. २०२२ सालीं अमेरिकेंत रॅम जातीच्या सुमारें अडीच लाख जड डिझेल पिकअप कारखान्यानें दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. गिअरबॉक्समध्यें दाब व उष्णता वाढून तेल डीपस्टिकच्या नळींतून बाहेर येण्याचा व तप्त भागांवर पडून पेट घेण्याचा धोका त्यांत आढळला होता. मागें कोंडलेले घोडे असतां असें घडलें तर काय होईल, एवढेंच आम्हीं त्या विद्यार्थ्यास विचारिलें.

त्याचें उत्तर आठवड्यानें आलें. गळती कूलरच्या नळीच्या जोडावर होती, आणि ती नळी एक्झॉस्टपासून वीतभरही दूर नव्हती. नळी बदलण्यांत एक दिवस मोडला. घोडे दुसऱ्या दिवशीं निघाले.