समुद्रावरील वादळ आणि आपलें अंगण

“बंगालच्या उपसागरांत वादळ” ही बातमी नांदेड-लातूरकडील घरांत बहुधा परमुलुखाची म्हणून वाचली जाते. समुद्र आपल्यापासून शेंकडों मैल दूर; त्याच्या कोपाशीं आपला काय संबंध, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु हा समज किती घातक आहे, तें एका वादळाच्या प्रवासावरून पाहूं.

इ. स. २०२१ च्या २६ सप्टेंबरला सायंकाळीं ‘गुलाब’ नांवाचें चक्रीवादळ आंध्रांतील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलें. तेथून नांदेड सुमारें ७०० किलोमीटर. जमिनीवर येतांच वादळाचा वारा ओसरूं लागला, कारण उबदार समुद्राची वाफ हेंच त्याचें अन्न होय. पण ढगांत सांठलेलें पाणी ओसरलें नव्हतें. तें क्षेत्र तेलंगणावरून पश्चिमेस सरकलें, आणि सूर्य हस्त नक्षत्रांत प्रवेश करतो न करतो तोंच, २७ व २८ तारखांस, मराठवाड्यावर अतिवृष्टि झाली. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. काढणीस आलेलें सोयाबीन पाण्याखालीं गेलें. पुढें त्याचाच अवशेष अरबी समुद्रांत उतरून ‘शाहीन’ या नांवानें पुन्हां उठला व ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळला!

अशा वादळाचा माग कसा काढतात? १८७५ सालीं स्थापन झालेलें भारतीय हवामान खातें उपग्रहांच्या चित्रांतून ढगांचा वळसा न्याहाळतें व त्यावरून वाऱ्याच्या वेगाचें अनुमान करतें. समुद्रावर तरंगणारीं यंत्रें वायुभार व पाण्याचें उष्णमान कळवितात. किनारा जवळ आला म्हणजे रडारचा उपयोग होतो. पुढील मार्ग नकाशावर रेषेनें दाखवितात, पण तिच्या दोहों बाजूंस पंख्याप्रमाणें रुंदावत जाणारा पट्टाहि असतो. भाकित जितकें पुढचें, तितका संशय अधिक, हा त्याचा अर्थ. केवळ मधली रेषा पाहून निश्चिंत राहणें शहाणपणाचें नव्हे.

म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरांत अशी बातमी आली कीं वाचकांनीं तीन गोष्टी पाहाव्या: वादळ पश्चिमेकडे वळत आहे काय, त्याची चाल मंद आहे काय, आणि तेलंगणावर तें केव्हां पोंचेल. किनाऱ्यावरून आपल्यापर्यंत यावयास त्यास साधारण एक दिवस लागतो. तेवढ्या अवधींत कापलेलें पीक झांकतां येतें, गुरें उंचावर नेतां येतात आणि नदीकांठच्या आप्तांस निरोप धाडतां येतो. वारा किनाऱ्यावर थांबतो, पाणी थांबत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें.