सर्टिफिकेट मागितलं आणि मी किल्लीच पाठवली

मागच्या वर्षीची गोष्ट. माझ्या संशोधनासाठी आरोग्याविषयीची एक प्रश्नावली होती. लोकांची उत्तरं फोनवरून थेट आमच्या विभागातल्या एका छोट्या सर्व्हरवर जमा व्हायची. एके दिवशी संस्थेच्या नेटवर्क विभागातून मेल आला, की सर्व्हरचं सर्टिफिकेट पाठवा, आम्हाला नोंदवून ठेवायचं आहे. फोल्डरमध्ये पेम एक्स्टेन्शनची एकच फाइल होती. जोडली, पाठवली आणि जेवायला गेले.

परत आले तर उत्तर आलेलं: "मॅडम, यात प्रायव्हेट की पण आहे. हा मेल आमच्या सगळ्या ग्रुपला गेलाय. सर्टिफिकेट लगेच रद्द करून घ्या."

पोटात गोळाच आला. प्रश्नावली भरणाऱ्या प्रत्येकाने संमतीपत्रावर सही केली होती, आणि त्या संमतीपत्रात "तुमची माहिती सुरक्षित ठेवली जाईल" हे वाक्य मीच लिहिलं होतं. संशोधनाला सुरुवात करणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना लवकरच असा सर्व्हर, क्लस्टरचं लॉगिन किंवा सही करायचं सर्टिफिकेट हाताळावं लागेल. कमांड इंटरनेटवर सापडतात, पण त्या कशावर चालवतोय हे बहुतेक वेळा कळलेलं नसतं. म्हणून हा लेख. (कमांड आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना मॅन्युअल शेजारी उघडं ठेवा.)

पाटी आणि किल्ली

किल्ल्या जोडीने जन्माला येतात: एक खासगी, एक सार्वजनिक. खासगी किल्लीवरून सार्वजनिक किल्ली काढता येते, उलटं करता येत नाही. सर्टिफिकेट म्हणजे सार्वजनिक किल्ली, तिच्या मालकाचं नाव, मुदत आणि या सगळ्यावर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेची डिजिटल सही. थोडक्यात, ती दारावरची नावाची पाटी आहे. ती जगाने वाचावी म्हणूनच लावलेली असते. ब्राउझर तुमच्या सर्व्हरशी बोलायला लागला की सर्व्हर ती स्वतःहून दाखवतो. खासगी किल्ली मात्र खरोखरची किल्ली. ती सर्व्हरच्या बाहेर जायचं काहीच कारण नाही.

मी पाटी पाठवताना तिला बांधलेली किल्लीही पाठवून दिली होती. हे झालं कसं, तर फाइलच्या नावावर विश्वास ठेवल्यामुळे.

दागिना तोच, डबी वेगळी

किल्ली किंवा सर्टिफिकेट म्हणजे शेवटी काही संख्या आणि माहिती. ती फाइलमध्ये कशी मांडायची याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. रूपांतर करताना आपण फक्त डबी बदलतो, आतला दागिना तोच राहतो. नेहमी भेटणाऱ्या डब्या चार:

डीईआर: ही बायनरी मांडणी. एका फाइलमध्ये एकच वस्तू. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर कचरा दिसतो.

पेम: तीच डीईआर माहिती बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेली. वर 'बिगिन' आणि खाली 'एंड' अशी डॅशवाली ओळ असते. नावातला 'एम' मेलचा आहे, कारण ही पद्धत मुळात ईमेल सुरक्षित करण्याच्या एका जुन्या योजनेतून आली. ती योजना फारशी चालली नाही, डबी मात्र टिकली. हिची गंमत आणि धोका एकच: एका फाइलमध्ये कितीही वस्तू एकाखाली एक ठेवता येतात. सर्टिफिकेट, त्याच्या वरची साखळी आणि खासगी किल्लीसुद्धा.

पीकेसीएस १२: एक्स्टेन्शन पी१२ किंवा पीएफएक्स. किल्ली, सर्टिफिकेट आणि साखळी असा सगळा संसार पासवर्ड लावलेल्या एका पेटीत. विंडोज आणि ब्राउझरमध्ये आयात-निर्यात बहुधा हिच्यातूनच होते.

ओपनएसएसएचची स्वतःची मांडणी: क्लस्टरवर लॉगिन करायची किल्ली यात असते. २०१८ च्या ७.८ आवृत्तीपासून नवीन किल्ल्या आपोआप याच मांडणीत बनतात. त्यामुळे काही जुनी सॉफ्टवेअर 'किल्ली ओळखता येत नाही' म्हणून अडून बसतात.

सीआरटी आणि सीईआर या एक्स्टेन्शनच्या फाइल्स पेमही असू शकतात आणि डीईआरही. एक्स्टेन्शन हे फक्त नाव आहे, आत काय आहे याची ती हमी नाही.

आधी बघा, मग हात लावा

माझी सगळ्यात जास्त वापरात असलेली कमांड ओपनएसएसएलची नाहीच, साधी ग्रेप आहे. पेम फाइलवर ग्रेपने कॅपिटल अक्षरांतला 'बिगिन' हा शब्द शोधा. फक्त शीर्षकाच्या ओळी दिसतील, गुपित काहीच पडद्यावर येणार नाही. दोन वेळा 'बिगिन सर्टिफिकेट' दिसलं, तर सर्टिफिकेट आणि साखळीतलं पुढचं. 'प्रायव्हेट की' हे शब्द दिसले, तर थांबा, ही फाइल कुठेही पाठवायची नाही. त्या शब्दांच्या आधी 'एन्क्रिप्टेड' असेल, तर किल्लीवर निदान पासवर्ड तरी आहे. जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये मात्र ही खूण शीर्षकाच्या खालच्या ओळीत असते.

सर्टिफिकेट वाचायचं असेल तर ओपनएसएसएलची एक्स५०९ ही उपकमांड घ्या आणि तिला 'टेक्स्ट' व 'नोआउट' हे पर्याय द्या. नाव, मुदत, सही कोणाची, सगळं दिसतं. किल्लीसाठी पीकी ही उपकमांड आहे, पण तिला 'टेक्स्ट' देऊ नका. ती खासगी संख्याही पडद्यावर छापते, आणि आपण नेमके तेव्हाच स्क्रीन शेअर करत असतो! फक्त सार्वजनिक भाग हवा असेल तर 'पबआउट' द्या.

किल्ली आणि सर्टिफिकेट एकमेकांचेच आहेत ना, हेही असंच तपासता येतं. एक्स५०९ च्या 'पबकी' पर्यायाने सर्टिफिकेटमधली सार्वजनिक किल्ली काढा, पीकीच्या 'पबआउट'ने खासगी किल्लीतून काढा, दोन्हींचा एसएचए-२५६ हॅश घ्या. हॅश जुळले तर जोडी खरी. सर्व्हर सुरू होत नाही म्हणून दोन तास डोकं खाजवण्याआधी हे करून बघा.

रूपांतरात पाय कुठे घसरतो

पहिली जागा साखळीची. एक्स५०९ ही उपकमांड फाइलमधलं फक्त पहिलं सर्टिफिकेट वाचते. साखळी असलेली पेम फाइल डीईआरमध्ये बदलली, तर बाकीची सर्टिफिकेट गुपचूप गळतात, एरर येत नाही. मग "माझ्या लॅपटॉपवर चालतं, फोनवर चालत नाही" असे प्रकार सुरू होतात.

या मर्यादेचाच मला उपयोग झाला असता. माझी ती पेम फाइल एक्स५०९ मधून काढून दुसऱ्या नावाने लिहिली असती, तर किल्ली मागे राहून नुसतं सर्टिफिकेट बाहेर आलं असतं. एका ओळीचं काम होतं.

दुसरी जागा पी१२ पेटीची. ती उघडायला पीकेसीएस१२ ही उपकमांड. 'नोकीज' दिलं की किल्ल्या वगळल्या जातात, 'नोसर्ट्स' दिलं की सर्टिफिकेट वगळली जातात. ट्युटोरियलमध्ये सर्रास दिसणारा एक पर्याय म्हणजे 'नोडेस'. त्याचा नोड्सशी संबंध नाही. तो आहे 'नो डीईएस', म्हणजे बाहेर येणाऱ्या किल्लीवर कुलूप लावू नकोस. आवृत्ती ३ मध्ये याला 'नोएन्क' असं सरळ नाव मिळालं आहे. कॉपी-पेस्ट करण्याआधी स्वतःला विचारा, कुलूप नसलेली किल्ली मला खरंच हवी आहे का?

जुनी पी१२ फाइल आवृत्ती ३ मध्ये उघडत नसेल, तर दर वेळी पासवर्ड चुकलेला नसतो. २०२१ मध्ये आलेल्या या आवृत्तीने जुन्या, कमकुवत पद्धती बाजूला काढून ठेवल्या. 'लेगसी' पर्याय देऊन बघा, आणि उघडली तर नव्या पद्धतीने पुन्हा बांधून ठेवा.

तिसरी जागा एसएसएचची. एसएसएच-कीजेनला 'पी' आणि 'एम पेम' हे पर्याय देऊन किल्लीची मांडणी बदलता येते, पण ती मूळ फाइलवरच लिहिते. आधी प्रत काढा, काम झाल्यावर ती पुसा. किल्लीची परवानगी ६०० ठेवा. इतरांना वाचता येणारी किल्ली एसएसएच वापरतच नाही, आणि बरोबरच आहे.

चौथी जागा पासवर्डची. तो कमांडच्या ओळीतच लिहिला तर शेलच्या इतिहासात राहतो, आणि सामायिक मशीनवर चालू प्रक्रियांच्या यादीत इतरांनाही दिसू शकतो. ओपनएसएसएलला विचारू द्या, मग टाइप करा.

किल्ली फुटलीच तर

ही चूक एकट्यादुकट्याची नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मेली, मॅकनीस आणि रीव्ह्ज यांनी २०१९ मध्ये गिटहबचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक लाखाहून जास्त रिपॉझिटरींमध्ये त्यांना उघडी पडलेली गुपितं सापडली, त्यात खासगी किल्ल्याही होत्या. फाइल डिलीट करून नवीन कमिट केलं तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच. मेलचंही तसंच. "डिलीट केलं" या शब्दावर सुरक्षितता उभी करता येत नाही.

म्हणून क्रम असा: नवी किल्लीची जोडी बनवा, तिच्यावर नवं सर्टिफिकेट घ्या, ते सर्व्हरवर लावा आणि जुनं रद्द करून घ्या. जुन्याच किल्लीवर नवं सर्टिफिकेट घेण्यात काही अर्थ नाही; पाटी नवी झाली तरी कुलूप तेच राहतं.

आमच्या सर्व्हरवर फक्त टीएलएस १.३ चालू होतं. त्यात प्रत्येक जोडणीसाठी तात्पुरत्या किल्ल्या बनतात, त्यामुळे आधी कोणी रेकॉर्ड केलेली उत्तरं फुटलेल्या किल्लीने उघडता आली नसती. पण तिच्या जोरावर आमच्या सर्व्हरचं सोंग मात्र घेता आलं असतं. मी दोन दिवस प्रश्नावली बंद ठेवली, गाइडना सांगितलं आणि नीतिमत्ता समितीला झालेलं सगळं लिहून दिलं. लिहिताना लाज वाटली. न लिहिता पुढे जाणं जास्त वाईट झालं असतं.

हे काम यापुढे वरचेवर करावं लागणार आहे. ब्राउझर ज्यांवर विश्वास ठेवतात त्या सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. दर दीड महिन्याला हाताने करायचं काम चुकणारच, तेव्हा स्क्रिप्ट लिहायला आत्ताच शिका. सरावासाठी खोटी किल्ली आणि स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट बनवा, चारही डब्यांत फिरवा, शेवटी हॅश जुळतो का बघा.

आणि उद्या कोणी "सर्टिफिकेट पाठवा" म्हणालं, तर फाइल जोडण्याआधी एकदा ग्रेप.