विद्युत टंग जॅक

विद्युत टंग जॅक हे ट्रेलरच्या पुढील टोकाचा भार उचलून धरणारे, बॅटरीवर चालणारे उपकरण आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत पिकअप ट्रकसारख्या वाहनामागे जोडून नेल्या जाणाऱ्या, राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरला ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. त्याच्या सांगाड्याचा पुढे निमुळता होत गेलेला भाग म्हणजे टंग. टंगच्या टोकाला असलेली कपलर नावाची वाटी वाहनाच्या मागील हिचवरील पोलादी गोळ्यावर बसते. बैल सोडल्यावर गाडीला टेकू द्यावा लागतो, त्याप्रमाणे वाहन सोडल्यावर टंगला जॅकचा आधार लागतो. कपलर गोळ्यावरून वर उचलणे आणि ट्रेलर पुढून-मागून समपातळीत आणणे ही कामेही जॅकच करतो. हलक्या ट्रेलरला हाताने फिरवण्याचा जॅक पुरतो. वजनदार ट्रेलरसाठी विद्युत जॅक सोयीचा ठरतो.

रचना व कार्य

जॅकमध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन पोलादी नळ्या, त्यांच्या आत मळसूत्री दांडा आणि वरच्या बाजूस दंतचक्रे व मोटर असते. मोटर सामान्यतः १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते. दंतचक्रांमुळे फिरण्याचा वेग कमी होतो व त्या प्रमाणात पीळ वाढतो. दांडा फिरला की आतील नळी खाली किंवा वर सरकते.

मळसूत्राचे दोन प्रकार आढळतात. ॲक्मे प्रकारात आट्यांचा छेद समलंब चौकोनी असतो. यात घर्षण अधिक असल्याने वीज जास्त लागते, परंतु मोटर थांबल्यावर दांडा सहसा भाराने उलट फिरत नाही. बॉल स्क्रू प्रकारात आट्यांमध्ये पोलादी गोळ्या असल्याने घर्षण कमी होते. मात्र भार धरून ठेवण्यासाठी वेगळ्या ब्रेकची आवश्यकता असते.

क्षमतेची निवड

टंगवरून हिचवर येणाऱ्या भाराला टंग-भार म्हणतात. ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये तो भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के ठेवला जातो. त्यानुसार ८,००० पौंड (सुमारे ३,६३० किलोग्रॅम) वजनाच्या ट्रेलरचा टंग-भार ८०० ते १,२०० पौंड (सुमारे ३६० ते ५४५ किलोग्रॅम) येतो. बाजारात ३,५०० व ५,००० पौंड क्षमतेचे विद्युत जॅक सर्रास मिळतात. केवळ हे आकडे पाहिल्यास लहान जॅकही गरजेच्या जवळजवळ तिप्पट क्षमतेचा वाटतो.

प्रत्यक्षात जॅकवर येणारा भार टंग-भारापुरता मर्यादित नसतो. वजनदार ट्रेलरसाठी बहुधा भार-वितरक हिच वापरतात. तिच्या स्प्रिंगसारख्या ताठ दांड्या अडकवणे सोपे जावे म्हणून कपलर गोळ्यावर बसवून कुलूपबंद केल्यानंतर जॅकने टंग आणि वाहनाची मागील बाजू एकत्रच वर उचलतात. वाहन जितके वर जाते, तितका त्याच्या मागील स्प्रिंगवरील भार जॅकवर येतो. म्हणून टंग-भारात या उचलीचा भार मिळवून, वर पुरेशी राखीव क्षमता ठेवून जॅक निवडावा लागतो. टंग-भार मोजतानाही रिकाम्या ट्रेलरचा छापील आकडा पुरत नाही. पुढील भागातील पाण्याची टाकी, गॅसची नळकांडी व सामान यांनी तो वाढतो.

उचल-लांबी व बसवणी

आतील नळी जितकी सरकू शकते त्या अंतरास उचल-लांबी म्हणतात. अनेक विद्युत जॅकमध्ये ती १८ इंच (सुमारे ४६ सेंटिमीटर) असते. उंच वाहन किंवा उताराची जागा असल्यास ती अपुरी पडू शकते. अशा वेळी खाली-वर करून खिळीने अडकवता येणारा पाय उपयोगी पडतो, किंवा जॅकखाली रुंद, भक्कम लाकडी ठोकळे ठेवतात. नळी कमी बाहेर काढावी लागली की जॅक बाजूने वाकण्याचा धोकाही कमी होतो. जॅकच्या नळीचा व्यास आणि बोल्टच्या छिद्रांची मांडणी टंगवरील पट्टीशी जुळते की नाही, हे खरेदीपूर्वी तपासावे लागते.

वीजपुरवठा

जॅकला ट्रेलरच्या बॅटरीतून वीज मिळते. अनेक जॅकसाठी ३० अँपिअरचा फ्यूज सांगितलेला असतो. तो बॅटरीजवळ बसवतात. तार बारीक असल्यास व्होल्टेज घटून मोटर भाराखाली अडखळते. बऱ्याच जॅकमध्ये परतीचा प्रवाह सांगाड्यातून जातो, म्हणून बोल्टखालील रंग व गंज खरवडून धातूचा थेट स्पर्श साधणे आवश्यक असते. ट्रेलर वाहनापासून अचानक सुटल्यास त्याचे विद्युत ब्रेक लावणारी यंत्रणाही सहसा याच बॅटरीवर अवलंबून असते; त्यामुळे जॅक मंद चालू लागणे ही ब्रेकच्या दृष्टीनेही धोक्याची सूचना असू शकते. बॅटरी उतरल्यास काम अडू नये म्हणून हाताने फिरवण्याच्या दांड्याची सोय असलेला जॅक निवडणे हिताचे असते.

सुरक्षितता

कपलर सोडण्यापूर्वी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे अत्यावश्यक आहे. जॅक उभा भार पेलतो, आडवा धक्का नव्हे. ट्रेलर थोडाही सरकल्यास नळी वाकून टंग खाली कोसळू शकते. टंग केवळ जॅकवर उचललेली असताना तिच्याखाली हात किंवा पाय नेऊ नये. हा जॅक चाक बदलण्यासाठी किंवा ट्रेलरखाली शिरून काम करण्यासाठी बनवलेला नसतो.