पांढऱ्या कांद्याच्या माळेची मजुरी

शिमगा जवळ आला की अलिबाग तालुक्यातल्या कांदा पिकवणाऱ्या घरांना श्वास घ्यायला फुरसत नसते. भात निघाल्यावर त्याच खाचरांत लावलेला पांढरा कांदा काढणीला आलेला असतो. वाल उपटून, वाळवून झोडायचे असतात. येत्या पावसाळ्यातल्या भातरोपांसाठी शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून राब भाजायचा असतो, तोही याच दिवसांत. विहिरींचे पाणी खाली जात असते आणि आभाळ भरून आले की अवकाळीची धास्ती बसते. कार्ले, खंडाळे, नेहुली, सागाव या गावांत कांद्याची जमीन बहुधा एकरात नव्हे, गुंठ्यांत मोजली जाते आणि तिच्यावर राबणारे बहुतेक हात घरचेच असतात. या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, नाव आहे, गिऱ्हाईकही आहे. तरीही त्याचे भवितव्य धोक्यात आहे असे मला वाटते. हे पीक घरच्यांच्या, त्यातही बायकांच्या श्रमावर उभे आहे आणि तो श्रम ना शेतकऱ्याच्या वहीत लागतो, ना गिऱ्हाइकाने दिलेल्या भावात. तो भावात धरला गेला नाही, तर मानांकनाचा कागद कांद्याला वाचवू शकणार नाही.

श्रम किती, हे साध्या गुणाकाराने कळते. कांद्याची रोपे साधारण पंधरा बाय दहा सेंटिमीटरवर लावतात, म्हणजे चौरस मीटरला पासष्टच्या आसपास रोपे. दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. बांध, पाट आणि मर वगळली तरी पन्नास हजार रोपांचा हिशेब होतो. यातले प्रत्येक रोप वाकून, बोटाने चिखलात खोचावे लागते. तीन महिन्यांनी तेवढेच कांदे वाकून उपटायचे, सुकवून आकारानुसार वेगळे करायचे, मग माळेत गुंफायचे. खुरपणी आणि पाणी देणे सोडले तरी एकेका कांद्याला चारदा हात लागतो. दहा गुंठ्यांत ही संख्या दोन लाखांवर जाते. हे काम वर्षभर पसरलेले असते तर घर ते निभावून नेते, पण त्यातला निम्म्याहून जास्त भार काढणीच्या काही आठवड्यांत येऊन पडतो.

माळेकडे जरा जवळून पाहायला हवे. गिऱ्हाइकाला ती शोभेची वस्तू वाटते, पण ती मुळात साठवणुकीची रीत आहे. आढ्याला टांगलेल्या कांद्याभोवती हवा खेळते, एकाचे ओझे दुसऱ्यावर पडत नाही आणि सडका कांदा लगेच नजरेस पडतो. माळ करायची तर कांदा पातीसकट सुकवावा लागतो. पात ओली असताना गुंफली तर मानेशी ओल राहून कांदा सडतो. ती कडकडीत वाळली तर पीळ देताना मोडते. मऊपणा टिकून आहे आणि ओल गेली आहे, अशी मधली अवस्था फार थोडा काळ राहते. पात बोटांत धरून ती ओळखायची आणि त्या मुदतीत ढीगच्या ढीग गुंफून संपवायचे, म्हणजे रात्री जेवणे आटोपल्यावर बायकांनी पुन्हा ओटीवर बसायचे. याला केवळ मेहनत म्हणणे अपुरे आहे, हे कसब आहे. बियाण्याचेही तसेच. यंदाचे निवडक कांदे राखून पुढच्या हंगामात पुन्हा लावावे लागतात, तेव्हा त्यांना फुलाचे दांडे येऊन बी धरते, आणि ते बी साधारण वर्षभरातच जोम गमावते. कांद्याचे परागीभवन मधमाश्या आणि इतर कीटक करतात, त्यामुळे जवळपास लाल कांदा फुलला तर वाणात भेसळ होते. म्हणजे हा गोडसर, कमी तिखट वाण दरवर्षी कोणीतरी डोळ्यांत तेल घालून राखतो म्हणून टिकतो.

लहान शेतीचे अर्थशास्त्र सांगताना या श्रमाचा प्रश्न जुनाच आहे. १९५०च्या दशकातल्या शेती-व्यवस्थापनाच्या पाहण्यांत असे दिसले, की जमीन जितकी लहान, तितके एकरी उत्पादन जास्त. अमर्त्य सेन यांनी १९६२ साली त्याची उकल मांडली. मजूर लावणारा शेतकरी, मजुरी भरून निघेल तोवरच माणसे लावतो. घरची माणसे मात्र उत्पादनात थोडीशीच भर पडत असली तरी राबत राहतात, कारण त्या श्रमाला बाहेर फारशी किंमत येत नसते. लहान शेतकरी जास्त पिकवतो याचे कौतुक आपण सगळेच करतो, पण त्या जादा पिकामागे न मोजलेली मजुरी असते. सरकारला हे ठाऊक नाही असेही नाही. हमीभावासाठी जो उत्पादनखर्च धरतात, त्यात बी, खत, मजुरीच्या रोख खर्चाबरोबर घरच्यांच्या श्रमाची अंदाजे किंमत मिळवलेली असते. भाताला हा हिशेब निदान कागदावर तरी लागू आहे. कांदा हमीभावाच्या यादीतच नाही, त्यामुळे त्याच खाचरात, त्याच माणसांनी काढलेल्या दुसऱ्या पिकाच्या भावाशी या हिशेबाचा काही संबंध उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की घरच्या बाईला त्या दिवसांत दुसरे काम नसेल तर तिच्या वेळेची किंमत धरायची कशाला? सेन यांनी लिहिले त्या काळी या म्हणण्यात तथ्य होते. आजच्या अलिबागबद्दल मात्र ते खरे नाही. मार्च २०२०पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू आहे आणि जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली, बंगले आणि रिसॉर्ट वाढले. बागकाम, स्वयंपाक, साफसफाई, बांधकाम यांना रोजच्या रोज पैसे मिळतात. जमिनीला येणारा भाव तर कांद्याच्या कितीतरी पिढ्यांच्या उत्पन्नाएवढा आहे. अशा वेळी मुलगी किंवा सून रात्रभर माळा गुंफण्याऐवजी पगाराची नोकरी धरते, तेव्हा तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिने केलेला हिशेब बरोबर आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हा कांदा अलिबाग-वडखळ रस्त्याच्या कडेला, कार्लेखिंडीत शेतकरी स्वतः विकतो, मध्ये दलाल नाही, मग तक्रार कसली? थेट विक्रीचा फायदा मोठा आहे, हे मान्यच. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ग्राहक कांद्यासाठी देतो त्या रुपयातले जेमतेम ३६ पैसे शेतकऱ्याकडे पोचतात असा अंदाज आहे. इथे अख्खा रुपया घरात येतो. पण त्या रुपयात विक्रीसाठी दिवसभर उन्हात बसणाऱ्या बाईची हजेरीही दडलेली असते. शिवाय गिऱ्हाईक घासाघीस करते ते बाजारातल्या लाल कांद्याचा किलोचा भाव मनात ठेवून. बाहेरून आणलेला पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपवला जातो, तेव्हा खऱ्या माळेचा भाव आणखी पडतो. मानांकन नावाचे रक्षण करते, राबलेल्या तासांचे नाही. यंत्रे आणा, हा सल्लाही ऐकू येतो. बांधांनी तुकडे पडलेल्या खाचरांत यंत्र फिरवणे अवघड आहे, आणि पात कापून काढणी केली की माळ होतच नाही. माळेचा आग्रह सोडून थोडा कांदा जाळीच्या पिशवीत विकायला मात्र माझी हरकत नाही. ज्या घरात हात कमी आहेत, तिथे ते शहाणपणाचेच आहे.

उत्पादनखर्चावर आधारित रास्त भावाची मागणी महाराष्ट्रात शरद जोशी यांनी चाकणच्या कांदा आंदोलनापासून लावून धरली. पुढे १९९०च्या सुमारास त्यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेत, शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, असे आवाहन केले. पांढऱ्या कांद्याला या दोन्ही मागण्या एकदम लागू पडतात. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये स्त्रियांचा वाटा जेमतेम १४ टक्के होता. माळ गुंफणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर आणि उत्पादक गटाच्या सभासद यादीत हवे, म्हणजे विक्रीचा पैसा तिच्या खात्यात येऊ शकेल. गटांनी माळेचा किमान भाव ठरवताना कांद्याची किंमत आणि गुंफणीची मजुरी वेगवेगळी लिहावी. कृषी विभागाला या कामी फार खर्च नाही: एका हंगामात पाच-पन्नास घरांत तासांची नोंद ठेवली, तरी मजुरीचा आकडा हाती येईल. ग्राहकाचे काम त्याहून सोपे आहे. येत्या मार्च-एप्रिलमध्ये अलिबागला गेलात, तर कांदा कुठल्या गावचा आणि माळ कोणी गुंफली हे विचारा, आणि त्या बाईने सांगितलेला भाव घासाघीस न करता द्या.