ढगांच्या वरची वीज

वीज ढगातून खाली पडते, हे आपण पाहतो. तिच्यामुळे ढगांच्या वर, 50 ते 90 किलोमीटर उंचीवर उमटणारे लाल झोत मात्र 1989 पर्यंत कुणाच्या कॅमेऱ्यात सापडले नव्हते. त्यांना ‘स्प्राइट’ म्हणतात. लाल रंग नायट्रोजनचा. ‘एल्व्ह’ त्याहून चपळ: विजेच्या विद्युतचुंबकीय धक्क्याने सुमारे 90 किलोमीटरवर उमटणारे, शेकडो किलोमीटर पसरणारे आणि एका मिलिसेकंदाच्या आत विझणारे प्रकाशकडे.

2004 मध्ये सोडलेल्या तैवानच्या फॉर्मोसॅट-2 उपग्रहाने क्षितिजाकडे तिरकी नजर ठेवून या प्रकाशांची गणती केली. त्यात एल्व्ह स्प्राइटपेक्षा कितीतरी जास्त निघाले, तेही बहुतांश समुद्रांवर.

सरळ खाली पाहायचे तर पंचाईत होते, कारण खालची वीजच डोळे दिपवते. 2018 मध्ये अंतराळ स्थानकावर बसवलेल्या युरोपच्या ‘असिम’ उपकरणाने त्यावर नामी तोड काढली. त्याचा एक प्रकाशमापक 180 ते 230 नॅनोमीटरचे अतिनील किरणच टिपतो. ढगातून निघालेले हे किरण वाटेतला ऑक्सिजन आणि ओझोन बव्हंशी गिळतात. म्हणून पोचतो तो मुख्यतः वरच्या थरातला उजेड. नाउरू बेटाजवळच्या वादळातून 2019 मध्ये वर झेपावलेला निळा झोतही असिमनेच टिपला.