सजगता आणि साहेबाची खुर्ची

ध्यान करायचे तर आधी नोकरीधंद्यातून मोकळे व्हावे, हा समज आपल्याकडे घट्ट रुजलेला आहे. पण ब्रह्मदेशातले ऊ बा खिन सरकारी हिशेबखात्यात कारकून म्हणून लागले आणि १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल झाले. त्या कार्यालयातच ते कर्मचाऱ्यांना विपश्यना शिकवत. १९५२ मध्ये त्यांनी रंगूनला ध्यानकेंद्र काढले, पण सरकारी जबाबदाऱ्या सोडल्या नाहीत.

मंडालेत जन्मलेले उद्योगपती सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने हैराण होऊन ऊ बा खिन यांच्याकडे गेले. नुसती डोकेदुखी घालवायला यायचे असेल तर येऊ नका, असे त्यांना आधी ऐकावे लागले. हेच गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची शिबिरे भरू लागली.

मन कोरे करता आले नाही म्हणजे आपल्याला ध्यान जमत नाही, असेही अनेकांना वाटते. मन भरकटणारच. ते भरकटल्याचे लक्षात येणे आणि त्याला श्वासाकडे परत आणणे, हाच सजगतेचा सगळा सराव आहे. आता आढावा बैठकीत कनिष्ठ सहकारी म्हणतो, ‘साहेब, हा आकडा चुकलाय.’ साहेबांची मान ताठरते, आवाज चढू लागतो. हे त्यांचे त्यांना वेळेत कळले, तर तोंडून ‘कुठे ते दाखव’ एवढेच निघू शकते. चूक लवकर सांगणारी माणसे ज्या प्रमुखाला टिकवायची आहेत, त्याच्यासाठी या सरावाचा याहून मोठा उपयोग नाही.

ध्यानाने कामाचा झपाटा वाढतो, हा दावा मात्र जपून घ्यावा. अँड्र्यू हाफेनब्रॅक आणि कॅथलीन व्हॉस या संशोधकांच्या २०१८ च्या प्रयोगांत थोड्या वेळच्या ध्यानानंतर नेमून दिलेले काम करण्याची उत्सुकता कमी झाली. कामाचा दर्जा ना वाढला, ना घसरला. हाफेनब्रॅक आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात मात्र, पंधरा मिनिटे श्वासावर लक्ष दिलेली माणसे ‘एवढा पैसा घातलाय, आता मागे कसे फिरायचे’ या विचारात कमी अडकली. तेव्हा शांत बसायचेच, तर ते मोठ्या निर्णयाआधी.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज व्यवस्थापनाचा आहे: एक ॲप दिले, एक कार्यशाळा घेतली, की कर्मचाऱ्यांचा ताण मिटला. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. सजगता किंवा ताणनियंत्रणाच्या उपक्रमांत भाग घेतलेले कर्मचारी न घेतलेल्यांपेक्षा अधिक सुस्थितीत आढळले नाहीत. एका वेळच्या पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे. पण रात्री दहाला ‘अर्जंट’ मेल धाडायचा आणि सकाळी श्वासाचे धडे द्यायचे, यातून काय साधणार? शिवाय गंभीर मानसिक आजार असलेल्यांना असा सराव त्रासदायक ठरू शकतो. सक्ती तर कुणावरच नको.

अमेरिकेतील एटना या आरोग्यविमा कंपनीचे नंतर प्रमुख झालेले मार्क बर्टोलिनी २००४ मध्ये स्कीइंग करताना जबर जखमी झाले. पुढे वेदनेवर उपाय म्हणून ते योग आणि ध्यानाकडे वळले आणि कर्मचाऱ्यांसाठीही त्यांनी तसे वर्ग सुरू केले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. २०१५ मध्ये त्यांनी कंपनीतले किमान वेतन ताशी १६ डॉलर केले.