वैलाची धग, विजेच्या भांड्यात

स्लो कुकरची गोष्ट एका विझत्या भट्टीपाशी सुरू होते. लिथुआनियातल्या विल्ना शहरात, म्हणजे आजच्या विल्नियसमध्ये, ज्यू कुटुंबांत शुक्रवारी दुपारी एक ठरलेलं काम असे. मांस, बटाटे, घेवड्याच्या बिया आणि जव मडक्यात भरायचे, वर पाणी घालायचं आणि ते मडकं गल्लीतल्या बेकरीत नेऊन द्यायचं. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ज्यूंचा शब्बाथ. त्या काळात चूल पेटवायची नाही, असा धर्माचा दंडक. बेकरीवालाही भट्टी बंद करून घरी जाई. पण दिवसभर तापलेल्या विटा रात्रभर धग धरून राहत आणि त्या धगीवर गल्लीतली मडकी सावकाश शिजत. शनिवारी मडकं घरी आणलं की गरम जेवण तयार. या पदार्थाचं नाव चोलंट.

ही आठवण आयर्व्हिंग नॅक्सन यांनी आपल्या आईकडून ऐकली होती. नॅक्सन शिकागोतले इंजिनियर. मूळ आडनाव नाखुमसन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मन वळणाच्या नावांविषयी नाराजी होती, म्हणून त्यांनी ते बदललं. भट्टीतल्या त्या उरलेल्या धगीसारखीच धग विजेवर मिळाली तर, असा विचार करून त्यांनी एक भांडं घडवलं. १९३६ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० साली पेटंट मिळालं. हे भांडं पुढे 'नॅक्सन बीनरी' या नावानं विकलं गेलं. नावाप्रमाणेच त्याचं काम घेवड्याच्या बिया शिजवण्याचं. गिऱ्हाईक बेताचंच.

१९७० साली निवृत्त होताना नॅक्सन यांनी धंदा कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीला विकला. रायव्हलनं भांड्याचं रूप बदललं, त्यात काय काय शिजतं ते करून पाहिलं, पाककृतींची पुस्तिका जोडली आणि १९७१ साली शिकागोच्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात ते 'क्रॉक-पॉट' या नावानं मांडलं. किंमत पंचवीस डॉलरच्या आसपास. अमेरिकेत त्या वर्षांत बायका मोठ्या संख्येनं नोकरीसाठी बाहेर पडत होत्या. सकाळी भरून ठेवलेलं भांडं संध्याकाळी जेवण तयार ठेवतं, ही गोष्ट त्यांना फार जवळची वाटली. १९७१ साली वीस लाख डॉलरची असलेली विक्री १९७५ पर्यंत नऊ कोटी तीस लाखांवर गेली. त्याच वर्षी आलेलं मेबल हॉफमन यांचं 'क्रॉकरी कुकरी' हे पाककृतींचं पुस्तक लाखोंनी खपलं. त्या काळातला एक क्रॉक-पॉट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवला आहे.

या भांड्याची रचना अगदी साधी आहे. बाहेर धातूचं आवरण, त्याच्या कडेनं गुंडाळलेली तापणारी तार, आत जाड चिनी मातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण. तार साधारण शंभर ते अडीचशे वॅट वीज घेते, म्हणजे चहाच्या विजेच्या किटलीच्या एक षष्ठांशाहूनही कमी. जाड माती ती उष्णता हळूहळू पिते आणि सगळीकडून सारखी सोडते, त्यामुळे तळाला लागण्याची भीती फारशी नसते. वाफ झाकणाला लागून थेंब होते, थेंब कडेनं ओघळतात आणि झाकण व भांड्याच्या मध्ये पाण्याची बारीक कडा तयार होते. ही कडा वाफ अडवून धरते. झाकण उचललं की ती तुटते, साठलेली धग निघून जाते आणि पुन्हा तेवढं तापायला वीस-तीस मिनिटं लागतात. दर अर्ध्या तासानं झाकण काढून डावानं ढवळून पाहणं ही आपल्या हाताची सवय. या भांड्यापाशी ती सोडावी लागते.

प्रेशर कुकर नेमका याच्या उलट चालतो. त्यात दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचतं आणि तूरडाळ तीन-चार शिट्ट्यांत शिजते. स्लो कुकर शंभर अंश गाठायची घाई करत नाही. मग त्याचा फायदा काय, हे मटणात दिसतं. बकऱ्याच्या मांडीचं, खांद्याचं, नळीजवळचं मांस चिवट असतं, कारण त्यात कोलॅजेन नावाचं प्रथिन भरपूर असतं. साधारण ७० अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. या बदलाला वेळ लागतो. जोराच्या उकळीत मांसाचे धागे आधी आवळतात आणि त्यातला रस बाहेर फेकला जातो. मंद आचेवर कोलॅजेन विरघळतं, पण मांस फारसं कोरडं पडत नाही. आठ तासांनी झाकण काढलं की नळी धरताच मांस सुटून येतं आणि रस्सा बोटांना चिकटतो. पाया सूपाला तर याहून चांगलं भांडं सापडायचं नाही. रात्री भरून ठेवावं, सकाळी गाळून घ्यावं.

मराठी स्वयंपाकाला ही रीत परकी नाही. जुन्या चुलीच्या शेजारी वैल असायचा, कुठे त्याला औल म्हणतात. चुलीतल्या जाळाची धग आतल्या भोकातून वैलाकडे जाई. त्यासाठी वेगळं लाकूड लागत नसे. चुलीवर भाकऱ्या होत असताना वैलावर आमटी नाहीतर दुधाचं पातेलं ठेवलेलं असे, आणि घरातली बाई त्याकडे पाठ करून पीठ मळत असे. स्वयंपाकाला वेळ लागतो, पण त्या सगळ्या वेळात माणूस तिथे लागतोच असं नाही, हे त्या वैलाला ठाऊक होतं. घरात गॅस आला तेव्हा चूल गेली आणि तिच्याबरोबर वैलही गेला. आपण त्याची भरपाई शिट्टीनं केली. तिनं वेळ वाचवला यात शंका नाही, पण सावकाश शिजण्याची चव मात्र हातची गेली.

मधल्या काळात भारतात एक चांगला प्रयत्न झालाही. बंगालचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली इकमिक कुकर तयार केला. खाली कोळशाची छोटी शेगडी, वर एकावर एक डबे आणि बाहेरून झाकणारं नळकांडं. सकाळी भात, डाळ, भाजी भरून निखारे घालायचे आणि आपल्या कामाला जायचं. नॅक्सन यांच्या पेटंटच्या तीस वर्षं आधी एका भारतीयानं हाच प्रश्न कोळशावर सोडवला होता, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

आपल्या पदार्थांसाठी स्लो कुकर वापरताना दोन-तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. पहिली, फोडणी. या भांड्यात मोहरी तडतडत नाही, कांदा तांबूस होत नाही, सुकं खोबरं भाजलं जात नाही. रंग आणि खमंगपणा यायला कोरडी, चढी आच लागते. म्हणून कांदा-खोबऱ्याचं वाटण कढईत नीट परतून, तेल सुटल्यावरच भांड्यात घालावं. मटणही त्याच कढईत दोन मिनिटं परतून घेतलं तर रश्श्याला रंग येतो. दुसरी, पाणी. इथे काहीच आटत नाही, उलट कांदा आणि मटण स्वतःचं पाणी सोडतात. गॅसवर जेवढं घालतो त्याच्या जेमतेम निम्मं पुरतं. कोथिंबीर, लिंबू, गरम मसाला शेवटी. पालेभाजी, मासे, पोहे यांच्यासाठी हे भांडं काढूच नये.

तिसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे, म्हणून ती नीट वाचावी. राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते चांगल्या उकळीनं नष्ट होतं. स्लो कुकरमध्ये मात्र काही वेळा अन्नाच्या मध्यभागी ७५ अंशांच्या वर तापमान जातच नाही, आणि अशा अर्धवट आचेवर हे विष कमी होण्याऐवजी वाढू शकतं. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी दोन-तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावं, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा आणि मगच स्लो कुकरमध्ये घालावा. आधी प्रेशर कुकरमध्ये नीट शिजवून घेतला तर उत्तमच. दाणे मऊ झाले म्हणजे विष गेलं, असं समजू नये.

मांसाच्या बाबतीतही काळजी हवी. ४ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. फ्रीजरमधलं गोठलेलं मटण तसंच भांड्यात टाकलं तर ते तासन्‌तास याच पट्ट्यात पडून राहतं. मटण आधी पूर्ण सुटं होऊ द्यावं. भांडं निम्म्यापेक्षा कमी किंवा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. उरलेलं अन्न गॅसवर गरम करावं, स्लो कुकरमध्ये नाही. ज्या गावात तासन्‌तास वीज जाते तिथे घराला कुलूप लावून हे भांडं चालू ठेवणं धोक्याचं आहे. मागे वीज किती वेळ गेली होती हे कळलं नाही, तर अन्न शिजलेलं दिसलं तरी टाकून द्यावं. अन्न टाकताना मराठी मन कचरतं, पण इथे ते टाकणंच बरोबर.

विजेचं बिल वाचेल या आशेनं मात्र कुणी हे भांडं घेऊ नये. दोनशे वॅट आठ तास म्हणजे १.६ युनिट. दीड हजार वॅटच्या इंडक्शनवर प्रेशर कुकर अर्धा तास चालला तर पाऊण युनिट. स्लो कुकर वीज वाचवत नाही, लक्ष वाचवतो. ज्या घरात दोघंही कामाला जातात, किंवा आजारी माणसाची शुश्रूषा करता करता स्वयंपाक सांभाळावा लागतो, तिथे हे लक्ष वाचणं फार मोलाचं असतं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून हे भांडं आणवणार असाल तर तळाची पट्टी आधी पाहा. तिथली उपकरणं १२० व्होल्टची, आपली वीज २३० व्होल्टची. तसंच जोडलं तर तार जळते. भारतात आता २३० व्होल्टचे स्लो कुकर मिळतात, आणि काही विजेच्या प्रेशर कुकरमध्येही मंद शिजवण्याचं बटण असतं. पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी, घरात असताना करा. पायाच घ्या: आलं, लसूण, मिरी, हळद, पाया बुडेल एवढं पाणी आणि बारा तास.